हातचा पाऊण तास

१

तू करतेस काय, असं थोरलीला कोणी विचारलं की ती सांगायची, "विमानाला वाट सांगते." यावर ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. लोकांना वाटतं, वैमानिक वर जातो आणि नाकासमोर निघतो. वरसुद्धा आखलेल्या वाटा असतात, वारा कुठून आहे ते बघून त्यातली एक निवडावी लागते आणि वजन मोजून इंधन ठरवावं लागतं, हे कोणाच्या गावीही नसतं. ते सगळं थोरली करायची, विमानतळामागच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. विमानांसाठी राबणाऱ्यांना विमान दिसत नाही, ही त्या खोलीतली सगळ्यांत जुनी थट्टा होती.

तिचं सकाळचं पहिलं काम म्हणजे 'लांबचं'. कंपनीचं सगळ्यांत लांब पल्ल्याचं उड्डाण सगळे याच नावाने ओळखायचे. सकाळी निघायचं, सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जायचं आणि तिकडची दुपार ढळायच्या आत उतरायचं. अंतर नऊ हजार किलोमीटरच्या थोडं वर, बरंचसं समुद्रावरून. वेळ अकरा तास, वारा सासुरवाडीला आल्यासारखा वागला तर थोडा कमी. थोरलीचे अंदाज सहसा चुकत नसत. चुकले तर पाच-सात मिनिटांनी, आणि तेवढ्यावरूनही ती दिवसभर स्वतःवर चिडलेली असायची.

लांबचं मात्र रोज पाऊण तास जास्त घ्यायचं. एखादा दिवस नाही, रोज.

कोणाला याची टोचणी नव्हती, कारण वेळापत्रकात 'हातचा' धरलेला होता. ही त्या धंद्यातली सोयीची रीत. एखादं उड्डाण सारखं उशिरा पोचायला लागलं की विमान लवकर आणायच्या भानगडीत कोणी पडत नाही. पुढच्या हंगामात छापील वेळच वाढवून टाकतात. अकरा तासांचे पावणेबारा केले की उशीर संपला. लांबचं अशा रीतीने कैक वर्षं अगदी वेळेवर पोचत होतं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये वक्तशीरपणाची ढाल होती. थोरली नुकतीच दुसऱ्या विभागातून इथे बदलून आली होती, म्हणून तिला ते खटकलं.

२

लांबच्याचा कप्तान सकाळी कागद न्यायला खोलीत यायचा. पांढरी दाढी, मऊ बोलणं. सगळे त्याला दाढीकाकाच म्हणायचे. थोरलीने एकदा त्याला चहाच्या यंत्रापाशी गाठलं.

"काका, परवा उतरल्यावर टाकीत किती उरलं होतं?"

"तू सांगितलं होतंस तेवढंच. तुझा हिशेब कधी चुकतो का?"

"पण माझा हिशेब अकरा तासांचा होता. तुम्ही पाऊण तास जास्त लावलात."

"वारा असेल गं समोरून."

"वारा असता तर पाऊण तासाचं इंधन जास्त जळलं असतं. ते नाही जळलं. मग तेवढा वेळ विमान उडत कशावर होतं?"

दाढीकाकाने कपातली साखर ढवळली. त्याला राग आलेला नव्हता. तो फक्त तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, लहान मुलाने मोठ्यांसारखं काही विचारलं की आपण बघतो तसा.

"तू कधी आली नाहीस ना आमच्याबरोबर?" तो म्हणाला. "ये एकदा. फार छान झोप लागते."

थोरली हसली. कागद घेऊन तो निघून गेला आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की हे वाक्य प्रवाशाने म्हणायचं असतं. जो विमान चालवतो त्याने नव्हे.

३

तिने डोकं शाबूत ठेवायचं ठरवलं. समुद्राच्या मध्यावर रडार पोचत नाही. तिथे वैमानिक ठरलेल्या बिंदूंवर पोचले की निरोप पाठवतात. थोरलीने ते निरोप बघितले. चौथ्या बिंदूपर्यंत सगळं तिच्या आकड्यांबरहुकूम, आणि पाचव्या बिंदूचा निरोप पाऊण तास उशिरा. म्हणजे जे काही होतं ते या दोघांच्या मधे. बरं, मग तिथून जायचंच कशाला? दुसऱ्या दिवशी तिने कोणाला न विचारता लांबच्याला उत्तरेच्या वाटेवर घातलं, त्या जागेपासून सहाशे किलोमीटर लांब. तिथेही मधेच पाऊण तास गेला.

जागा वाईट असेल तर तिला वळसा घालता येतो. वाट कुठूनही नेली तरी जी आडवी येते, तिला वळसा कसा घालणार?

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हेच मुळात नवल होतं.

"प्रवाशांची तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकही नाही. साहेब, लोक सूप कोमट होतं म्हणून कंपनीला पत्रं लिहितात. या उड्डाणाबद्दल वर्षानुवर्षं एक ओळ आलेली नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? बारा तास खुर्चीत अंग आखडून बसलेल्या साडेतीनशे माणसांपैकी एकालाही कुरकुर करावीशी वाटत नाही? माणसं आहेत का कोण आहेत?"

"तुम्ही दमला आहात," साहेब म्हणाले. "रजा घ्या. लांबच्यानेच जाऊन या कुठेतरी."

थोरलीला लहानपणापासून घरात 'हट्टी' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. त्या दुपारी परतीचं लांबचं आलं तेव्हा ओळखपत्र दाखवून ती सफाईच्या आधी विमानात शिरली. आत शिळ्या हवेचा वास होता, खुर्च्यांवर चुरगळलेल्या चादरी होत्या. मधल्या वाटेवरच्या निळ्या गालिच्यावर पांढरी, पिठासारखी बारीक धूळ होती. पावलांची धूळ. सगळी पावलं पुढच्या दारातून आत आली होती आणि एकेका रांगेशी वळून खुर्चीपाशी संपली होती. प्रवासी इमारतीतून विमानापर्यंत बंद पुलावरून, गालिच्यावरून येतात. तिथे कसली आलीय धूळ? कुठे बांधकाम चालू असेल, तिने स्वतःला बजावलं. चिमूटभर धूळ तिने बोटांत घेतली. ती कोरडी होती आणि तिला कसलाच वास नव्हता. थोरलीने हात तीनदा साबणाने धुतले.

४

इतकं सगळं कळल्यावर कोणी शहाणं माणूस त्या विमानाच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नसतं. पण घरात वेगळंच शिजत होतं.

थोरलीची धाकटी बहीण तिकडच्या शहरात राहायची, आणि तिला मुलगी झाली होती. बाळ चार महिन्यांचं होत आलं तरी आजीने नातीला फोनच्या पडद्यावरच बघितलं होतं. आईचे गुडघे कामातून गेलेले, चालताना डावा पाय ओढायची, तोंड मात्र ठणठणीत. तिने एका सकाळी जाहीर केलं, "मी जाणार. पडद्यावरच्या पोरीला मांडीवर घेता येत नाही."

"आपण दुसऱ्या विमानांनी जाऊ," थोरली म्हणाली. "दोन ठिकाणी बदलत."

"आणि हे गुडघे कोण बदलणार? सरळ जाणारं असताना मी वाकडी का जाऊ?"

धाकटीला फोन लावला, तर तीही तेच म्हणाली. बाळ मागे कुठेतरी भोकाड पसरून रडत होतं आणि धाकटीचा आवाज शांत होता. "ताई, लांबच्यानेच आण आईला. मी दोन वर्षांपूर्वी त्यानेच आले आणि गेले ना. काही त्रास होत नाही. छान झोप लागते."

थोरलीच्या हातातला फोन जड झाला. "बाळ रडतंय," ती म्हणाली.

"हो, सारखी रडते. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येणार आहे मी तिकडे. एकदा प्रवास झाला की शांत होईल."

थोरलीने फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. आईला अडवायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आणि अडवलं तरी ते चार महिन्यांचं पोर आईच्या कुशीत याच विमानात बसणार होतं. कोणीतरी जागं राहून बघायला हवं होतं. बिनखिडकीच्या खोलीत बसून नुसतं आकड्यांवर कुढत बसण्यापेक्षा ते बरं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त संताप येत होता. एक पाऊण तास आपल्या हिशेबातून रोज कोणीतरी उचलून नेतं आणि सगळे त्याला वेळापत्रक म्हणतात!

तिने दोन तिकिटं काढली. आईला तिने सगळं सांगितलं, धुळीसकट. आईने चष्म्यावरून बघत ऐकून घेतलं.

"म्हणजे झोपायचं नाही, एवढंच ना?" आई म्हणाली. "मला बसल्या जागी झोप लागते कधी? तुझ्या बाबांचं घोरणं ऐकत अठ्ठेचाळीस वर्षं काढलीत मी. तू तुझं बघ."

५

विमान वेळेवर सुटलं. दोघी पुढून सहाव्या रांगेत बसल्या, आई वाटेच्या बाजूला, गुडघा लांब करता यावा म्हणून. बाहेर लख्ख ऊन होतं. जेवण झालं, ताटं उचलली गेली, आणि सेविकांनी हसत हसत खिडक्यांचे पडदे खाली ओढले.

झोप आली ती पायांकडून, कोमट पाण्यासारखी. पुढच्या रांगेतल्या माणसाचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं. पलीकडे पत्ते खेळणाऱ्या जोडप्याच्या माना एकदमच कलल्या. थोरलीने दंडाला चिमटा घेतला, मग जीभ चावली.

"आई, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नकोस."

आईला एवढं आमंत्रण पुरे होतं. शेजारणीने उसना नेलेला कुकर, तो तिने शिट्टी हरवून परत आणला तो प्रसंग, वर तिचं तोंड करून बोलणं, त्यावर आपण काय बोललो आणि काय बोलायचं राहून गेलं, असं सगळं साग्रसंगीत सुरू झालं. ही गोष्ट थोरलीने शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा वैतागली होती. आता ती एकेक शब्द धरून बसली होती.

"...मी म्हटलं, बाई गं, शिट्टीशिवाय कुकर म्हणजे नुसतं पातेलं. तर ती काय म्हणावी—"

इंजिनांचा आवाज बंद झाला.

हळूहळू नाही, मिक्सरचं बटण कोणी बंद करावं तसा. धक्का नाही, खाली गेल्याची जाणीव नाही. विमान उभं होतं. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला एक स्थिरपणा असतो, तो थोरलीला पायांतून कळला. समुद्राच्या मधोमध.

मग पट्टे सुटायला लागले. खट्, खट्, खट्, रांगेमागून रांग. माणसं उठली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. वरच्या कप्प्यातली पिशवी कोणी काढली नाही, फोन उचलला नाही, चष्माही नाही. पुढचं दार उघडलं होतं आणि तिथून सपाट पांढरा उजेड आत येत होता, ज्याची सावली पडत नव्हती. हवेत बंद कपाटासारखा कोरडेपणा होता. माणसं शिस्तीत, कोणालाही न ढकलता बाहेर जात होती. सेविका गेल्या. कप्तानाच्या खोलीचं दार उघडलं आणि दाढीकाका टोपी नीट करून, मिटल्या डोळ्यांनी त्यांच्या मागून गेला.

आईने थोरलीचं मनगट धरलं. "अगं, हे सगळे—"

"उठू नकोस."

बाहेर भुसभुशीत जमिनीवर पावलं वाजत होती, दूर दूर जाणारी. थोरली कान देऊन ऐकत राहिली. तिचं डोकं अजूनही कारणं शोधत होतं: आपत्कालीन उतरणं, एखादं बेट, काहीतरी. मग तिला दुसरी पावलं ऐकू आली. लांबून इकडे येणारी, तेवढीच, त्याच संथ चालीची. जाणारी पावलं आणि येणारी पावलं कुठेतरी मध्ये भेटली, एकमेकांना ओलांडून पुढे झाली, आणि जाणाऱ्यांपैकी एकही मागे वळलं नाही.

६

दारातून एक सेविका आत आली. गणवेशाला सुरकुती नाही, हातांनी चाकांची खुर्ची ढकलत. ती सहाव्या रांगेशी येऊन थांबली. तिचे डोळे उघडे होते.

"आजी, खुर्ची आणलीय," ती प्रेमाने म्हणाली.

"मागवली कोणी?" आईने विचारलं.

"सगळेच उतरतात इथे."

"उतरू देत. मी माझ्या धाकटीकडे निघालेय. मधल्या स्टेशनावर उतरायची मला सवय नाही."

"फार वेळ लागत नाही. आणि मग गुडघेही दुखणार नाहीत."

"दुखू देत गं," आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत होता, पण चढला होता. "माझेच आहेत. मला काय जड झालेत?"

सेविका नुसती उभी राहिली. तिला घाई नव्हती. चाकाच्या खुर्चीच्या मुठीवर तिची बोटं स्वस्थ होती. त्या वाट बघण्यात धमकी नव्हती, हेच भयंकर होतं. पापणी न लवता ती आईकडे बघत होती, आणि आईचा हात त्या चाकांच्या खुर्चीकडे सरकायला लागला. थोरलीने तो गच्च पकडला.

तेवढ्यात दाराशी एक पाऊल आत पडलं. उजवं. मग थोडं थांबून डावं, जरा ओढत. दाराच्या कडेला आधारासाठी एक म्हातारा हात आला. अंगठा मुडपून, चार बोटं पसरून. आई जिना चढताना कठडा असाच धरायची. त्या हातामागे अजून कोणीतरी उभं होतं, उंच, थोरलीएवढं, आणि त्याने धीर देण्यासाठी त्या म्हाताऱ्या पाठीवर तळवा ठेवला होता.

थोरली ताडकन उठली. तिच्या घशातून निघालेला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"इथे माणसं बसलीत!" ती ओरडली. "जिवंत माणसं बसलीत इथे! चालते व्हा!"

दारातला हात थबकला. मग बोटं एकेक करून कडेवरून सुटली, आणि डावा पाय ओढत कोणीतरी त्या पांढऱ्या उजेडात मागे गेलं. सेविकेने मान किंचित तिरकी केली, खुर्ची वळवली, आणि तीही गेली.

पाठोपाठ प्रवासी आत आले. पुढच्या रांगेतला माणूस, पत्ते खेळणारं जोडपं, दाढीकाका. खट्, खट्, पट्टे बसले. इंजिनं सुरू झाली. पुढच्या माणसाने डोळे उघडले आणि मघाशी तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू केलं.

"आपण अगदी वेळेवर आहोत," कप्तानाचा मऊ आवाज आला.

आईने पदराने तोंड पुसलं. उतरेपर्यंत दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या आणि कुकरचं पुढे काय झालं ते आईने सांगितलं नाही.

७

बाहेर येण्याच्या दाराशी धाकटी उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. धाकटीचे केस तसेच कानामागे, गालावरची खळी तशीच. थोरलीचा जीव क्षणभर भांड्यात पडला.

"आई!" धाकटीने एका हाताने आईला जवळ घेतलं. तिने आईच्या मानेशी गाल टेकवला. मग ती मिठी सैल झाली. ती मागे झाली, आधी आईकडे आणि मग थोरलीकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच होतं.

"तुम्ही उतरला नाहीत?" तिने हळूच विचारलं.

दोन वर्षांपूर्वी धाकटी भेटीला आली होती ती लांबच्यानेच. महिनाभर राहिली होती, याच दोघींच्या मध्ये झोपली होती, आणि एकदाही भांडली नव्हती. त्या वेळी दोघींना किती बरं वाटलं होतं, आता पोक्त झाली म्हणून! आपली धाकटी, वेणीवरून रडणारी, शेवटचा घास पळवणारी धाकटी, त्याच्या आधीच त्या भुसभुशीत जमिनीवरून चालत गेली होती, आणि मागे कोणी वळून बघितलं नव्हतं. थोरलीला तिथेच बसून गळा काढावासा वाटला.

आयांना काय कळतं आणि कधी कळतं, कोण जाणे. आईचे ओठ पांढरे पडले होते. तिने फक्त बाळाकडे बोट दाखवलं.

"ही बसलीय विमानात?"

"अजून नाही," धाकटी म्हणाली. "पुढच्या महिन्यात. जागा राखून ठेवलीय तिची."

"जाऊ दे रिकामी," थोरली म्हणाली, आणि पुढे होऊन तिने बाळ काढून घेतलं. ओढाताण करावी लागेल म्हणून तिने अंग आवळलं होतं, पण धाकटीने हात सोडले. ती नुसती उभी राहून बघत राहिली. तिला घाई नव्हती.

बाळ गरम होतं, ओलं झालेलं होतं, आणि त्याने थोरलीच्या कानाशी असं भोकाड पसरलं की तिच्या डोक्यात झिणझिण्या आल्या. "रड," थोरली त्याला म्हणाली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चांगली मोठ्याने रड. तुला जहाजाने नेईन, नाही तर चालत नेईन. पण त्यात बसवणार नाही."

आईने तिचा दंड धरला, डावा पाय ओढत पहिलं पाऊल टाकलं, आणि तिघी दाराकडे निघाल्या. त्या भल्यामोठ्या दालनात लांबच्याने आलेली शेकडो माणसं आपापल्या लोकांना भेटत होती. बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि त्यांच्यातल्या एकानेही मान वळवून बघितलं नाही.